चाळीस अख्खी पाने

सागाच्या एका जंगलात एक खार राहत असे, आणि मुलांनो, ती नोकरी करत असे. खारीने नोकरी कशाला करायची, असे तुम्ही विचाराल. तिलाही आधी तसेच वाटले होते. पण त्या जंगलात एका कोल्ह्याने खबरपेढी काढली होती, आणि पेढीत कामाला लागले की राहायला कोरडी ढोली मिळत असे. पिल्ले वाढवायला खारीला तशीच जागा हवी होती. यंदाची तीन तर नुकतेच डोळे उघडलेली, फांदीवर अजून धड पाय न ठरणारी. त्या ढोलीसाठीच ती वर्षापूर्वी कोल्ह्याच्या दारात गेली होती.

पेढीचे काम असे चाले. कोळ्यांनी विणलेले लांबच लांब धागे झाडांवरून झाडांवर आणि ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर ताणलेले होते. प्रत्येक धाग्याच्या टोकाशी एक प्राणी पंजा टेकून बसे. पलीकडून दोन हिसके आले की पाणवठा मोकळा, तीन आले की बिबट्या निघाला. ज्याला हिसका लागला त्याने तो पुढच्या धाग्यावर द्यायचा. बघता बघता खबर जंगलभर होई. पूर्वी बिबट्या दिसला की वानरे खाकरत, हरणे पाय आपटत, टिटवी बोंब मारी. आता घसा कोण कोरडा करणार? धागा आहे ना! हळूहळू जंगलाने ओरडणेच सोडून दिले. पेढीत तर नियमच होता : खबर द्यायची ती धाग्याने, तोंडाने नाही. जो तोंडाने ओरडेल त्याचे काम सुटेल.

काम सुटणे म्हणजे काय, हे तिथे सगळ्यांना पक्के ठाऊक होते. कोल्हा आपल्या पेढीतल्या प्राण्यांना खात नसे. ही तिथली सर्वांत मोठी सवलत. ज्याचे काम सुटले, त्याला ती लागू नव्हती.

खारीचा धागा ओढ्यावरून पलीकडच्या काठावर जात होता. त्या टोकाला एक मुंगूस बसत असे. रोज सकाळी ते धाग्याला एक बारीकसा हिसका देई. तो कुठल्या नियमात नव्हता. ‘मी आहे गं बाई,’ एवढाच त्याचा अर्थ. खारही तसाच एक हिसका परत देई आणि मग दोघे कामाला लागत. त्यांनी एकमेकांची तोंडे वर्षभरात पाहिली नव्हती, तरी खारीला ते शेजारी असल्यासारखे वाटे. आणि एका सकाळी तो हिसका आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. खारीने आपल्या बाजूने धागा हलवून पाहिला. तो ढिला लागला. आठ दिवस झाले, धागा मेल्यासारखा पडून होता, आणि ओढ्यापलीकडूनच तर बिबट्या येत असे.

खार मुकादमाकडे गेली. मुकादम होता सरडा. पाचोळ्यात बसला की पिवळा, शेवाळात बसला की हिरवा, आणि कोल्ह्यासमोर बसला की कोल्ह्याच्या रंगाचा. पेढीत अशांना बढती लवकर मिळते.

“मुकादम, माझा धागा आठ दिवस हललेला नाही,” खार म्हणाली. “तुटला असेल. नाहीतर मुंगसाचं काहीतरी बरंवाईट झालं असेल.”

“हललेला नाही म्हणजे बिबट्या आलेला नाही,” सरडा मान वरखाली करत म्हणाला. “साहेब किती खूश आहेत! आठ दिवसांत एक वाईट खबर नाही.”

“पण धागा ढिला लागतोय हो. आधी नऊ कोळी होते, आता एकटी म्हातारी कोळीण सगळे धागे विणते. तिनं कुठं कुठं पुरं पडायचं?”

“बरोबर आहे तुझं, अगदी बरोबर,” सरडा म्हणाला. “वर सांगतो.” आणि त्याने वर सांगितले नाही. खारीलाही ते ठाऊक होते. तिने बोलून फक्त आपले मन हलके केले, आणि ढोलीत परतेपर्यंत ते पुन्हा जड झाले.

अशात मताचा दिवस आला. दर वर्षी एक दिवस कोल्हा ओढ्याअलीकडच्या आपल्या चाळीसही प्राण्यांना जमवी आणि पेढीत काम करताना तुम्हाला कसे वाटते, असे विचारी. पळसाचे एकेक पान घ्यायचे. सुखात असाल तर अख्खे, दुःखात असाल तर कुरतडलेले. ते उंबराच्या ढोलीत टाकायचे. संध्याकाळी कोल्हा पाने खडकावर मांडून मोजी आणि अख्ख्या पानांची रास आपल्या गुहेच्या तोंडाशी रचून ठेवी. परक्या जंगलातून काम शोधत आलेले प्राणी ती रास पाहत आणि म्हणत, ‘वा! इथे सगळे किती आनंदात आहेत!’ आणि तिथेच कामाला लागत. खार स्वतःही ती रास पाहूनच लागली होती.

“माझ्या लेकरांनो,” कोल्हा म्हणाला, “ही पेढी नाही, हे आपलं घर आहे. पानावर कुणाचं नाव नाही, गाव नाही. मनात असेल ते मोकळेपणानं सांगा. मला राग येत नाही.” आणि तो हसला. हसताना त्याचे दात मोजता आले असते, पण कुणी मोजले नाहीत.

मागच्या वर्षी फक्त एक पान कुरतडलेले निघाले होते. कोल्ह्याला राग आला नव्हता. चार दिवसांनी त्याने मुंगसाची पाठ थोपटली आणि त्याला ओढ्यापलीकडच्या टोकावर नेमले, जिथे जायला कुणीच तयार नसे. ते पान मुंगसाचेच होते, हे कोल्ह्याला कसे कळले? मुंगूस बोलके होते, त्यानेच कुठेतरी सांगितले असेल, अशी सगळ्यांनी मनाची समजूत घातली. अशी समजूत घातली की झोप बरी लागते.

खारीने पळसाचे एक पान तोडले आणि ती म्हाताऱ्या साळूशेजारी जाऊन बसली. साळू, म्हणजे काटेरी साळिंदर, पेढीतली सर्वांत जुनी.

“साळूमावशी, मी यंदा कुरतडणार आहे,” खार हळूच म्हणाली. “धागा तुटलाय हे कुणीतरी सांगायला नको का?”

“अख्खं टाक, पोरी,” साळू इकडेतिकडे पाहत म्हणाली. “अख्ख्या पानानं आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही.”

“मग दुसऱ्या जंगलात जाऊन काम बघू का?”

“जा की. कुठंही गेलीस तरी पळसाला पानं तीनच. तिथं कोल्हा नसेल तर लांडगा असेल.”

खारीने पिल्लांकडे पाहिले. मग डोळे गच्च मिटले, पानाची कड कराकरा कुरतडली आणि धावत जाऊन ते उंबराच्या ढोलीत टाकले. परत येताना तिला हलके वाटत होते. वर्षभरात पहिल्यांदा ती शेपटी वर करून चालली.

दुपारी पिल्लांसाठी तिने एक जांभूळ आणले. जांभूळ कुणीतरी आधीच अर्धे खाऊन टाकलेले होते. खारीने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि सहज म्हणाली, “घुशीचे दात.” आणि तिने जांभूळ पुन्हा डोळ्यांजवळ धरले. जंगलात कुणाचा चावा कुणाला ओळखू येत नाही? उंदराचा बारीक, सशाचा तिरका, घुशीचा ओबडधोबड. खारीचे पुढचे दोन दात शेजारी शेजारी, त्यांची खूण तर लहान पिल्लूही सांगेल. पानावर नाव नव्हते, हे खरे. पण तिने दातांनी आपली सहीच त्यावर करून ठेवली होती! मुंगसाचे गुपित कुणी फोडले होते, ते तिला आता कळले. त्याच्या स्वतःच्या दातांनी.

संध्याकाळी कोल्हा पान उचलील, दोन दातांची खूण बघेल, हसेल, पाठ थोपटील. मग ढोली जाईल. मग ती सवलत जाईल. पिल्लांना तर झाडावर चढताही येत नाही. जांभूळ तसेच टाकून ती उंबराकडे पळत सुटली.

ढोलीच्या तोंडाशी सरडा ऊन खात पडला होता.

“काय गं?” त्याने एक डोळा उघडला.

“माझं... माझ्या पानाचा देठ मोडका होता,” खार म्हणाली. “साहेबांना मोडका देठ बरा दिसणार नाही. दुसरं टाकते.”

सरड्याने मान ढोलीच्या तोंडाकडून बाजूला घेतली. “जा, टाक,” तो म्हणाला आणि त्याने डोळा मिटला.

ढोलीत काळोख होता. खारीने पाने चाचपली, वासावरून आपले पान शोधून काढले आणि नवे, अख्खे पान आत सारले. दुसऱ्या कुणाची पाने कशी आहेत ते तिने पाहिले नाही. भीतीला आपले तेवढेच पान दिसते. बाहेर येऊन तिने ते कुरतडलेले पान देठासकट खाऊन टाकले. कडू होते, तरी खाल्ले.

संध्याकाळी कोल्ह्याने खडकावर पाने मांडली. एक, दोन, दहा, वीस. चाळीसच्या चाळीस अख्खी! असे पूर्वी कधी झाले नव्हते. कोल्ह्याचे डोळे भरून आले. आणि मुलांनो, ते पाणी खोटे नव्हते. दुसऱ्याला फसवता फसवता त्याला स्वतःलाच ते खरे वाटू लागले होते.

“आज मी धन्य झालो,” तो म्हणाला. “माझ्या घरात एकही दुःखी जीव नाही! आणि ओढ्यापलीकडून आठ दिवसांत एकही वाईट खबर नाही. तेव्हा उद्या दुपारी ओढ्याच्या वाळूत सगळ्यांचं वनभोजन! पिल्लाबाळांसकट यायचं. एकानंही चुकवायचं नाही.”

सगळ्यांनी आनंदाने माना डोलावल्या. खारीनेही डोलावली. तिला मात्र तो ढिला धागा डोळ्यांपुढे दिसत होता.

सकाळी ती पुन्हा सरड्याकडे गेली. “मुकादम, मी एकटी येते. पिल्लं लहान आहेत, ऊन सोसायचं नाही त्यांना.”

“आण बाई,” सरडा खालच्या आवाजात म्हणाला. आज त्याचा रंग कुठलाच धड नव्हता. “नाही आणलीस तर साहेब विचारतील, खार नाराज आहे का म्हणून. मग मी काय सांगू?”

काय सांगणार! खारीने एकेक पिल्लू तोंडात धरून ओढ्याकाठी नेले. दोन पिल्ले तिने काठावरच्या करंजाच्या मुळांत बसवली आणि तिसरे आणायला गेली. वाळूत फळांचे ढीग लागले होते. ससे, घुशी, उंदीर, सगळे आपापली पिल्ले घेऊन आले होते आणि कुणीच खात नव्हते. कोल्हा मधोमध एका दगडावर बसला होता. खारीचा धागा त्याने आज स्वतःच्या पंजाखाली घेतला होता. “खुशाल खा,” तो म्हणत होता. “माझा पंजा धाग्यावर आहे.”

तिसरे पिल्लू तोंडात धरून खार आली आणि तिची नजर धाग्यावरून सरकत पलीकडे गेली. धागा ओढ्याच्या मध्यापर्यंत होता. त्यापुढे नव्हता. त्याचे तुटके टोक पाण्यात लोंबत होते, आणि पलीकडच्या काठावर, जिथे मुंगसाने बसायचे, तिथे कुणी नव्हते. गवत मात्र होते. उंच, वाळलेले गवत. वारा पडला होता आणि तरी ते एका जागी हलले. मग थोडे अलीकडे हलले. मग गवतात दोन ठिपके दिसले, आणि ते ठिपके डोळे होते.

खारीने कोल्ह्याकडे पाहिले. कोल्हा पंजाकडे पाहत होता. धागा हलत नव्हता.

मुलांनो, तोंडात पिल्लू असले की ओरडता येत नाही. ओरडायचे तर ते खाली ठेवायला हवे, उघड्या वाळूत, बिबट्यासमोर. आणि ओरडले तर काम सुटणार, ते वेगळेच. एवढ्याशा जिवाला एवढ्या भीती एकदम! क्षणभर खारीला वाटले, आपण गप्प राहावे, आपली तीन उचलावीत आणि झाडावर पळावे. कुणाला कळणार आहे? पण एका वेळी एकच पिल्लू नेता येते. तीन खेपा व्हायच्या आत बिबट्या ओढा ओलांडणार होता. आणि शेजारी घुशीची पाच पिल्ले वाळूत खेळत होती.

तिने पिल्लू खाली ठेवले आणि ती ओरडली. वर्षभर न ओरडलेला घसा, आधी नुसती चिरक निघाली. मग मात्र सगळा ओढा दुमदुमला. “चिक् चिक् चिक्! बिबट्या! पळा!”

आणि काय झाले असेल? कुणीही पळाले नाही. एकोणचाळीस जणांनी आधी कोल्ह्याकडे पाहिले.

“कोण ओरडलं?” कोल्हा कडाडला. “खार! नियम ठाऊक नाही? धागा हललेला नाही!”

“धागा तुटलाय, साहेब! पाण्यात बघा!”

“धागा हललेला नाही म्हणजे बिबट्या नाही!” कोल्हा दात विचकून म्हणाला. “उद्यापासून तुझं काम...”

एवढ्यात पाण्यात धप्प आवाज झाला. साळूने पाठीवरचे सगळे काटे ताठ केले आणि ती म्हातारी, जी कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसे, जिवाच्या आकांताने ओरडली, “पोरी खरं सांगतेय! पळा रे!” तिच्यापाठोपाठ झाडावरून वानर खाकरले. टिटवीने बोंब ठोकली. मग जो तो वाट फुटेल तिकडे सुटला. खारीने तिसरे पिल्लू उचलून करंजाच्या मुळांतल्या बिळात कोंबले, बाकीच्या दोघांना आत ढकलले आणि स्वतः त्यांच्या अंगावर पडली. साळू बिळाच्या तोंडाशी पाठ करून उभी राहिली. सरडा खोडावर चढला. कोल्हा तेवढा दगडावर होता. त्याचा पंजा धाग्यावर होता आणि तो हिसक्याची वाट बघत होता. बिबट्याला त्याच्यासाठी दोन उड्याही माराव्या लागल्या नाहीत.

बिबट्या आपली शिकार ओढत गवतात दिसेनासा झाला, तरी बराच वेळ कुणी हलले नाही. मग एकेक जण करंजाखाली जमला. खारीने पिल्लांना पुन्हा पुन्हा हुंगून पाहिले. तिन्ही होती.

“चूक माझी आहे,” ती रडत म्हणाली. “मी कुरतडलेलं पान टाकलं होतं. नंतर घाबरले आणि काढून घेतलं. ते राहू दिलं असतं, तर निदान कुणी विचारलं असतं की खारीला काय झालंय. आपण इथं आलोच नसतो.”

साळूने मान खाली घातली. “मीही कुरतडलं होतं गं. तुला नको म्हणाले आणि गुपचूप आपलं कुरतडलं. दुपारी जाऊन बदललं.”

“मीही,” ससा म्हणाला. “आम्हीही,” घूस आणि उंदीर म्हणाले.

खोडावरून सरडा हळूहळू खाली उतरला. “काल दिवसभर मी ढोलीपाशी होतो,” तो म्हणाला. “एकोणचाळीस जण आले आणि एकोणचाळीस जणांनी मला सांगितलं, माझ्या पानाचा देठ मोडका होता.” त्याने शेपूट पोटाखाली ओढली. “चाळिसावं पान माझं. ते मी कुणाला न सांगता बदललं.”

खारीने डोळे पुसले आणि सगळ्यांकडे पाहिले. “म्हणजे ढोलीत एकही पान अख्खं नव्हतं,” ती म्हणाली. “तशीच राहू दिली असती, तर साहेबांनी कुणाकुणाचं काम काढून घेतलं असतं?”

आपापली पिल्ले पोटाशी घेऊन सगळे तसेच बसून राहिले.

तात्पर्य : जो तो भीतीने आपले खरे मत मागे घेतो, तेव्हा सगळे सुखात असल्याचीच बातमी पसरते. त्या बातमीवर विसंबणारा धनी बुडतोच, पण गप्प राहिलेलेही त्याच्यासोबत त्याच वाळूत उभे असतात.